मुलीला सोळाव्या वर्षीही पाळी नाही, सोनोग्राफीत ‘गर्भाशय दिसत नाही’ असे लिहिले आहे; शस्त्रक्रियेची घाई करावी का?

मांजराकाठ

नमस्कार. माझ्या मुलीला मागच्या महिन्यात १६ वर्षे पूर्ण झाली. ती अकरावीला शास्त्र शाखेत आहे. उंची आणि बांधा तिच्या वयाला साजेसा आहे, वयात येण्याच्या बाकी सगळ्या खुणा बाराव्या-तेराव्या वर्षीच दिसू लागल्या होत्या, फक्त पाळी आली नाही. सासूबाई म्हणत राहिल्या की आमच्या घराण्यात न्हाण उशिराच येते, म्हणून आम्ही दोन वर्षे वाट पाहिली. तिचे दर महिन्याला पोट दुखत नाही आणि इतर कसलीही तक्रार नाही.

गेल्या आठवड्यात तालुक्याच्या ठिकाणी पोटावरून सोनोग्राफी केली. अहवालात ‘गर्भाशय दिसत नाही, उजवा बीजकोष सामान्य, डावा स्पष्ट दिसला नाही’ असे लिहिले आहे. तेथील डॉक्टरांनी सांगितले की जन्मतःच पिशवी नाही, त्यामुळे योनिमार्गही तयार झालेला नसणार. तेव्हा लग्नाआधी शस्त्रक्रिया करून मार्ग करून घ्यावा लागेल आणि ती याच उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकता येईल. ते हे सांगत असताना मुलगी बाहेर बाकावर बसली होती. मी बाहेर आले तेव्हा माझा चेहरा पाहून तिने विचारले, ‘आई, मला कॅन्सर आहे का?’ मी नाही म्हणाले, पण त्यापुढे मला एक शब्दही बोलता आला नाही.

एका सोनोग्राफीवरून एवढे मोठे निदान पक्के मानावे का? कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात? शस्त्रक्रिया खरोखर लगेच करावी लागते का? तिला पुढे मूल होण्याचा काही मार्ग आहे का? आणि हे सगळे तिला कोणी, कसे सांगायचे? ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त प्राध्यापक, स्त्रीरोग

ताई, नमस्कार. मी तीस वर्षांहून अधिक काळ वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात शिकवले आणि तुमच्या मुलीसारख्या अनेक मुली तपासल्या. या मंचावर निदान करता येत नाही आणि करूही नये. पण तपासणी कोणत्या क्रमाने व्हायला हवी आणि कोठे थांबायला हवे, ते मी सांगू शकते.

तिचे दर महिन्याला पोट दुखत नाही हे तुम्ही आवर्जून लिहिलेत ते फार बरे झाले, कारण येथेच वाट दोन दिशांना फुटते. पाळी न आलेल्या मुलीला दर महिन्याला ठरावीक दिवशी ओटीपोटात कळा येत असतील, तर गर्भाशय आहे, आत रक्तस्राव होतो आहे आणि बाहेर येण्याची वाट बंद आहे, अशी शंका आधी घ्यावी लागते. योनिपटलाला छिद्र नसणे, योनिमार्गात आडवा पडदा असणे, योनिमार्गाचा खालचा भाग किंवा गर्भाशयमुख तयार न होणे, ही त्याची कारणे असू शकतात. अशा मुलीचे रक्त साठत जाते, कधी लघवी अडते, आणि ते रक्त उलट दिशेने नलिकांमधून पोटात जाऊन एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार, होऊ शकतो. तेथे महिनोन्‌महिने थांबता येत नाही. मात्र तेथेही साठलेले रक्त सुईने ओढून काढण्याचा मोह टाळावा लागतो, कारण त्यातून जंतुसंसर्ग होऊन पू साठण्याचा धोका असतो. आणि पडदा किती जाड आहे, किती उंचावर आहे हे एमआरआयने कळल्याशिवाय छेद घेणे चुकीचे ठरते. पातळ योनिपटल उघडणे हे छोटे काम आहे. जाड आडवा पडदा काढणे हे तसे नाही, कारण तो भाग नंतर आक्रसून पुन्हा बंद होऊ पाहतो.

तुमच्या मुलीला वेदना नाहीत, म्हणून आपण दुसऱ्या वाटेने जाऊ. स्तनांची वाढ वेळेवर झाली याचा अर्थ शरीरात इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक तयार होते आहे. एरवी बीजकोष काम करत नसतील तर इस्ट्रोजेनअभावी गर्भाशय इतके लहान राहते की ते पोटावरच्या सोनोग्राफीत दिसत नाही आणि अहवालात ‘नाही’ असे लिहिले जाते; पुढे संप्रेरके सुरू केल्यावर तेच गर्भाशय वाढलेले मी पाहिले आहे. तुमच्या मुलीत ही शक्यता कमी वाटते, पण ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ यांत अंतर आहे आणि ते अंतर तपासणीनेच मिटवायचे असते.

स्तनांची वाढ झाली आहे, गर्भाशय नाही आणि वेदनाही नाहीत, अशा वेळी मुख्यतः दोन निदाने समोर असतात. पहिले, एमआरकेएच. मायर, रोकितान्स्की, क्युस्टर आणि हाउझर या चौघांच्या नावांवरून ते नाव पडले आणि त्यांची वर्णने १८२९ ते १९६१ एवढ्या काळात पसरलेली आहेत. साधारण ४५०० ते ५००० मुलींमध्ये एकीला हे असते. यात गुणसूत्रे ४६, एक्सएक्स म्हणजे नेहमीच्या स्त्रीचीच असतात आणि बीजकोष उत्तम काम करतात. फक्त गर्भाशय आणि योनिमार्गाचा वरचा भाग तयार होत नाही. दुसरे निदान म्हणजे अँड्रोजेनला, म्हणजे पुरुषी संप्रेरकांना, शरीराने प्रतिसाद न देणे. यात मुलगी बाहेरून मुलगीच असते, स्तनही वाढतात, पण गुणसूत्रे ४६, एक्सवाय असतात, पोटात किंवा जांघेत वृषणग्रंथी असतात आणि काखेतले व जांघेतले केस अगदी विरळ असतात. लहानपणी दोन्ही जांघांत हर्निया झाला होता का, हे म्हणूनच विचारतात. या दोन निदानांचे उपचार आणि पुढची देखरेख पूर्ण वेगळी आहे. त्यामुळे गुणसूत्रांची तपासणी आणि टेस्टोस्टेरॉनची पातळी पाहिल्याशिवाय कोणी शस्त्रक्रियेची तारीख देत असेल, तर ती घेऊ नका. तुमच्या अहवालात डावा बीजकोष दिसलेला नाही, एवढ्याने घाबरून जाऊ नका. एमआरकेएचमध्ये बीजकोष कधी कधी नेहमीपेक्षा बरेच वर असतात आणि सोनोग्राफीत निसटतात.

करावयाच्या तपासण्या अशा आहेत: एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिओल आणि टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांच्या रक्तचाचण्या, गुणसूत्रांचा कॅरिओटाइप, ओटीपोटाचा एमआरआय, आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी. शेवटची तपासणी लोक विसरतात. गर्भात जननमार्ग आणि मूत्रमार्ग शेजारी शेजारी घडत असतात. ज्यांतून गर्भाशय घडते त्या दोन्ही बाजूंच्या म्युलरियन नलिका खाली येऊन मध्यभागी एकत्र जुळतात, मग मधली भिंत विरते आणि एक गर्भाशय होते. या कामात कोठे खंड पडला तर शेजारच्या मूत्रपिंडावरही परिणाम झालेला असू शकतो. एमआरकेएच असलेल्या सुमारे ३० टक्के मुलींमध्ये एकच मूत्रपिंड असणे, ते ओटीपोटात असणे किंवा दोन्ही जोडलेली असणे यांपैकी काही तरी आढळते. पाठीच्या कण्यातही दोष असू शकतो, म्हणून पाठ पाहावी. ऐकू कमी येते का हेही विचारावे. एमआरआयमध्ये गर्भाशयाचे छोटे अंकुर दिसले तर त्यांत आतले अस्तर आहे का, हे रेडिओलॉजिस्टना मुद्दाम लिहायला सांगा, कारण अस्तर असेल तर पुढे पोटदुखी होऊ शकते.

शारीरिक तपासणीबद्दल सांगते, कारण आयांना याचीच जास्त धास्ती असते. बाहेरून एकदा नीट पाहणे, तेही मुलीला समजावून, तिची संमती घेऊन आणि तिला हवी असल्यास आईला जवळ ठेवून, एवढे बहुधा पुरते. बोटाने आतून तपासण्याची गरज नसते. शिकाऊ डॉक्टरांचा घोळका तिच्याभोवती उभा राहू देऊ नका. मी स्वतः शिक्षिका होते, तरीही हे लिहिते.

आता शस्त्रक्रिया. निदान एमआरकेएच ठरले तर तिच्या प्रकृतीसाठी योनिमार्ग तयार करण्याची कोणतीही घाई नसते. तो शरीरसंबंधासाठी लागतो आणि त्याची वेळ मुलीने ठरवायची असते, आईवडिलांनी नव्हे, होणाऱ्या सासरने नव्हे आणि सर्जनने तर नव्हेच. पहिला उपचारही शस्त्रक्रिया नसून डायलेटर, म्हणजे मार्ग ताणण्याची गुळगुळीत दांडी, हा आहे. १९३८ मध्ये फ्रँक या डॉक्टरांनी दाखवून दिले की योनीच्या जागी जो छोटा खळगा असतो त्यावर गुळगुळीत दांडीने नियमित, हलका दाब देत राहिले तर तेथील त्वचा हळूहळू ताणून पुरेशा लांबीचा मार्ग तयार होतो. दिवसातून एक ते तीन वेळा, दर वेळी १० ते ३० मिनिटे, असे काही महिने चिकाटीने करावे लागते. दाबाची दिशा मूत्रमार्गापासून दूर, मागे आणि आत अशी ठेवायची असते. ती पहिल्यांदा डॉक्टरांनी किंवा प्रशिक्षित नर्सने शिकवावी लागते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात हाच पहिला उपचार म्हणून सांगितला आहे आणि ज्या मुली मनापासून करतात त्यांच्यात ९० ते ९६ टक्के यश मिळते असे नोंदवले आहे. आपल्याकडे मात्र अजूनही कागदावर पहिला शब्द ‘ऑपरेशन’ हाच लिहिला जातो, याचे मला मनापासून दुःख होते.

शस्त्रक्रिया वाईट आहेत असे नाही. डायलेटर मनापासून करूनही यश आले नाही, किंवा सगळे समजून घेतल्यावर मुलीलाच शस्त्रक्रिया हवी असेल, तर त्या कराव्यात. त्वचेचे रोपण करून मार्ग तयार करण्याची मॅकिंडो यांची पद्धत गंमत म्हणजे त्याच १९३८ सालची आहे; आपल्याकडे त्वचेऐवजी वारेबरोबर येणारे गर्भवेष्टनही अनेक ठिकाणी वापरले जाते. वेकिएत्ती यांच्या पद्धतीत एक मणी त्या खळग्यावर ठेवून पोटातून दोऱ्यांनी तो रोज थोडा थोडा वर ओढतात. डेव्हिडॉव्ह पद्धतीत पोटाचे आतले आवरण खाली आणतात. मोठ्या आतड्याचा तुकडाही वापरतात, पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे आणि नंतर सतत स्राव येत राहणे हा तिचा ज्ञात त्रास आहे. यांपैकी बहुतेक शस्त्रक्रियांनंतरही मार्ग आक्रसू नये म्हणून दीर्घकाळ डायलेटर वापरावाच लागतो. जी मुलगी आज मनाने तयार नाही, तिला सुट्टीत गुपचूप टेबलावर घेतले तर ती घरी जाऊन तो वापरत नाही, मार्ग पुन्हा बंद होतो, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा नेहमीच अवघड असते.

सोनचाफा

ताई, मी ३४ वर्षांची आहे आणि मला एमआरकेएच आहे. डॉक्टरांनी वर जे शेवटचे वाक्य लिहिले, ते माझ्याच बाबतीत घडले आहे.

मी सतरा वर्षांची असताना बारावीच्या परीक्षेनंतर मला एका मोठ्या शहरातील रुग्णालयात नेले. ‘छोटी गाठ आहे, काढून टाकायची आहे’ असे घरच्यांनी सांगितले होते. शुद्धीवर आल्यावर मांडीवरची त्वचा काढलेली जखम दिसली आणि तेव्हा मला कळले की गाठ नव्हती. नव्या मार्गात साचा ठेवला होता, तो कशासाठी आहे हे मला कोणी सांगितले नाही. घरी आल्यावर तो दुखायचा, मी तो काढून कपाटात ठेवला आणि काही महिन्यांत सगळे पुन्हा आक्रसले. माझ्या आईवडिलांनी हे प्रेमापोटी केले होते, हे आज मला समजते. पण पुढची आठ-नऊ वर्षे मी त्यांच्याशी या विषयावर एक वाक्य बोलले नाही.

सव्विसाव्या वर्षी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे स्वतः गेले. त्यांनी आरसा हातात दिला, चित्र काढून दाखवले आणि माझ्या अवस्थेचे नाव एका कागदावर लिहून दिले. ते नाव वाचून मला जो धीर आला तो शब्दांत सांगता येणार नाही, कारण ज्या गोष्टीला नाव आहे ती माझ्यासारख्या आणखी कोणाला तरी असणारच. तेव्हा डायलेटरने मला सात महिने लागले, जुन्या व्रणामुळे जास्त लागले असे त्या म्हणाल्या. आता माझे लग्न होऊन चार वर्षे झाली आहेत. नवऱ्याला आणि त्याच्या आईला मी साखरपुड्याआधी सगळे सांगितले होते. त्याआधी दोन स्थळे हे ऐकून परत गेली, आणि ती गेली याचे मला आज वाईट वाटत नाही.

तुमच्या मुलीला सांगताना एकाच बैठकीत सगळे सांगू नका. पण जे सांगाल ते खरे सांगा आणि ज्या क्रमाने सांगाल त्याला फार महत्त्व आहे. ‘तुला मूल होणार नाही’ हे पहिले वाक्य असू नये, कारण त्यानंतरचे काहीही तिला ऐकू येणार नाही. आधी तिला सांगा की हा कॅन्सर नाही, यात जिवाला धोका नाही. मग सांगा की आईच्या पोटात असताना पहिल्या काही महिन्यांत एक अवयव पूर्ण तयार झाला नाही, आणि हे तिच्या किंवा तुमच्या कोणत्याही वागण्यामुळे झालेले नाही. बीजकोष आहेत, म्हणूनच तिची वाढ मैत्रिणींसारखी झाली, हे सांगा. मग थांबा आणि ती काय विचारते ते ऐका. डॉक्टरांकडे गेल्यावर तिला त्यांच्याशी थोडा वेळ एकटीने बोलू द्या. मैत्रिणी सॅनिटरी पॅडविषयी बोलतात तेव्हा काय म्हणायचे, हा तिचा पहिला प्रश्न असेल आणि तुम्हाला तो क्षुल्लक वाटेल. मी पाच वर्षे दप्तरात पॅड बाळगत होते, कोणाला संशय येऊ नये म्हणून.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. गर्भाशयमुख नसल्यामुळे मला पॅप चाचणी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची) लागत नाही, पण एचपीव्ही या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूविरुद्धची लस घ्यायला माझ्या डॉक्टरांनी सांगितले आणि मी ती घेतली. गर्भ राहत नाही म्हणजे लैंगिक संसर्ग होत नाहीत असा गैरसमज मुलींमध्ये असतो. तो योग्य वेळी दूर करा.

इंद्रायणी

मध्येच विचारते, क्षमा असावी, पण विषय हाच आहे. माझे दोन वेळा गर्भपात झाले. एका एक्स-रे तपासणीत, ज्यात नळीतून औषध सोडतात, ‘दोन शिंगांचे गर्भाशय’ असा अहवाल आला आहे आणि दुर्बिणीतून पडदा कापावा असे सांगितले आहे. दोन शिंगे आणि पडदा हे एकच आहे का?

निवृत्त प्राध्यापक, स्त्रीरोग

क्षमा कशाला मागता? हा गोंधळ फार मोठा आहे. दोन्ही एक नाहीत. मघाशी लिहिले त्याप्रमाणे दोन नलिका जुळतात आणि मग मधली भिंत विरते. जुळणेच अर्धवट राहिले तर गर्भाशय वरून दुभंगलेले, द्विशृंगी होते. जुळले पण भिंत विरली नाही तर बाहेरून एकसंध आणि आतून पडदा असलेले गर्भाशय होते. तुमच्या एक्स-रे तपासणीत फक्त आतली पोकळी दिसते आणि दोन्ही प्रकारांत ती सारखीच दोन फाट्यांची दिसते. फरक बाहेरच्या आकारात आहे, आणि तो त्रिमितीय सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये कळतो. द्विशृंगी गर्भाशय पडदा समजून दुर्बिणीतून कापू लागले तर गर्भाशय फुटून आरपार छिद्र पडू शकते. म्हणून आधी त्रिमितीय सोनोग्राफी करून घ्या.

समजा, पडदाच निघाला, तरी कापणे आपोआप योग्य ठरत नाही. आम्ही वर्षानुवर्षे तो कापत आलो. २०२१ मध्ये मात्र एक यादृच्छिक चाचणी, म्हणजे कोणाचा पडदा कापायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेली, प्रसिद्ध झाली; तीत सुमारे ८० स्त्रिया होत्या. पडदा कापलेल्या गटात ३१ टक्के आणि न कापलेल्या गटात ३५ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. चाचणी लहान आहे, त्यामुळे वाद संपलेला नाही, आणि वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीत तो कापण्याकडे अनेक तज्ज्ञांचा कल आजही आहे. पण हा आकडा तुमच्यासमोर ठेवून मगच तुमची संमती घेतली गेली पाहिजे. गर्भपाताची इतर कारणेही तपासून घ्या.

वाशिष्ठी

मांजराकाठताई, माझ्या मुलीची गोष्ट तुमच्या मुलीपेक्षा वेगळी आहे, पण हा धागा दुसरी एखादी आई वाचेल म्हणून लिहिते. माझ्या मुलीला एकच मूत्रपिंड आहे, हे ती पोटात असतानाच सोनोग्राफीत कळले होते. तेराव्या वर्षी पाळी सुरू झाली, नियमितही होती, म्हणून कोणाच्या मनात काही आले नाही. पण दर पाळीगणिक उजव्या बाजूचे दुखणे वाढत गेले. आधी अपेंडिक्स म्हणाले, मग मुलींना दुखतेच म्हणाले, वेदनाशामक गोळ्या चालू राहिल्या आणि सव्वा वर्ष गेले. शेवटी एका रेडिओलॉजिस्टनी एकच मूत्रपिंड आणि उजव्या बाजूला रक्ताचा साठा या दोन गोष्टी एकत्र जोडून पाहिल्या. तिला दोन गर्भाशये आणि दोन योनिमार्ग होते. डावा उघडा होता म्हणून पाळी येत होती, उजवा मधल्या तिरप्या भिंतीने बंद होता आणि ज्या बाजूला मार्ग बंद त्याच बाजूचे मूत्रपिंड नव्हते. एमआरआय झाला, मधली भिंत काढली आणि तिचे दुखणे थांबले. दोन्ही गर्भाशये तशीच ठेवली आहेत.

ज्यांच्या मुलीला जन्मतः एकच मूत्रपिंड आहे, त्यांनी ती वयात येताना गर्भाशयाची सोनोग्राफी एकदा करून घ्यावी. हे मला तेरा वर्षांत कोणीही सांगितले नव्हते. आणि पाळी येते आहे म्हणजे वाट मोकळी आहे, असे धरून चालू नये.

विधिज्ञ

मूल होण्याविषयीच्या प्रश्नाची कायद्याची बाजू मांडतो. सरोगसी (नियमन) अधिनियम, २०२१ नुसार भारतात फक्त परोपकारी सरोगसीला, म्हणजे दुसऱ्या स्त्रीने मोबदला न घेता जोडप्यासाठी गर्भ वाढवण्याला, परवानगी आहे. इच्छुक जोडपे विवाहित असावे लागते, स्त्रीचे वय २३ ते ५० आणि पुरुषाचे २६ ते ५५ असावे लागते. २०२२ च्या नियमांत वैद्यकीय कारणांमध्ये गर्भाशय नसणे हे कारण स्पष्ट शब्दांत आहे. मार्च २०२३ मध्ये दात्याचे बीज वापरण्यावर बंदी आली होती. तिच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जी स्त्री गेली, तिला एमआरकेएचच होते आणि तिचे स्वतःचे स्त्रीबीज मिळू शकत नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने तिला दिलासा दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने नियमच बदलून, जिल्हा वैद्यकीय मंडळाने प्रमाणित केल्यास जोडप्यापैकी एकाचे बीज दात्याचे असू शकेल, अशी सोय केली. तुमच्या मुलीचे बीजकोष काम करत असतील तर तिला बहुधा या सवलतीची गरजच पडणार नाही. स्वतःच्याच स्त्रीबीजापासून तिला मूल होऊ शकते. दत्तक घेण्याचा मार्ग तर आहेच, आणि तो अविवाहित स्त्रीलाही खुला आहे.

लग्नाबाबत: हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १२ मध्ये महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळवली असल्यास विवाह रद्द करण्याची मागणी करता येते. ‘शस्त्रक्रिया करून घ्या आणि कोणाला सांगू नका’ हा सल्ला अनेक घरांत दिला जातो. तो कायद्याने मुलीलाच अडचणीत आणतो.

निवृत्त प्राध्यापक, स्त्रीरोग

वकिलांनी लिहिले त्यात एक भर. गर्भाशय प्रत्यारोपणाबद्दल तुम्ही बातम्यांत वाचाल. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला डॉ. मॅट्स ब्रेनस्ट्रम यांच्या चमूने प्रत्यारोपित गर्भाशयातून जगातील पहिले मूल २०१४ मध्ये जन्माला आणले, आणि त्या मातेला एमआरकेएचच होते. भारतातील पहिले प्रत्यारोपण पुण्यात मे २०१७ मध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने केले आणि तेथेच ऑक्टोबर २०१८ मध्ये अशा गर्भाशयातून पहिले बाळ जन्मले, अर्थात त्या मातेचे कारण वेगळे होते. गर्भधारणा आयव्हीएफनेच, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून, करावी लागते, शरीराने अवयव नाकारू नये म्हणून औषधे घ्यावी लागतात, प्रसूती सिझेरियनने होते आणि एक-दोन मुलांनंतर ते गर्भाशय काढून टाकतात. ज्या मुलीला एकच मूत्रपिंड आहे, तिच्या बाबतीत त्या औषधांचा मूत्रपिंडावर होणारा परिणाम अधिक काळजीने तोलावा लागतो. हा पर्याय आहे एवढे मुलीला माहीत असू द्या; सोळाव्या वर्षी त्यावर निर्णय करायचा नाही.

मांजराकाठ

सर्वांची मनापासून ऋणी आहे. दीड महिन्यानंतर लिहिते आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयात सर्व तपासण्या झाल्या. कॅरिओटाइप ४६, एक्सएक्स आहे, संप्रेरके सामान्य आहेत. एमआरआयमध्ये दोन्ही बीजकोष सापडले, डावा बराच वर आहे. गर्भाशयाच्या जागी दोन लहान अंकुर आहेत, त्यांत अस्तर नाही. डावे मूत्रपिंड ओटीपोटात आहे. ते काम नीट करते, पण वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवी तपासायला सांगितली आहे.

सोनचाफा, तुम्ही लिहिलेल्या क्रमानेच मी तिला सांगितले, स्वयंपाकघरात, भाजी निवडताना. तिने फार काही विचारले नाही. रात्री मात्र उठून माझ्या अंथरुणात आली. दुसऱ्या दिवशी तिने एमआरआयचा अहवाल मागितला, स्वतः वाचला आणि न समजलेल्या शब्दांखाली पेन्सिलने रेघा मारल्या. डॉक्टरांशी ती वीस मिनिटे एकटी बोलली. बाहेर येऊन तिने सांगितले की डायलेटरचे आता नको, बारावी झाल्यावर तीच ठरवेल, आणि आजीला तीच सांगेल, मी नाही. तिच्या मूत्रपिंडाच्या जागेबद्दल एक विचारायचे राहिले: उद्या अचानक तिचे पोट दुखले आणि दुसऱ्या कोणत्या दवाखान्यात न्यावे लागले, तर काय सांभाळावे?

निवृत्त प्राध्यापक, स्त्रीरोग

ओटीपोटातले मूत्रपिंड घाईच्या सोनोग्राफीत गाठ समजले जाते आणि तशी शस्त्रक्रिया झालेली उदाहरणे आहेत. म्हणून डॉक्टरांकडून त्यांच्या कागदावर चार ओळी लिहून घ्या: निदानाचे नाव, मूत्रपिंड कोठे आहे, बीजकोष कोठे आहेत, गर्भाशय नाही. एमआरआयच्या अहवालाबरोबर त्या कागदाचा फोटो तुमच्या आणि तिच्या, दोघींच्या मोबाइलमध्ये ठेवा. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वारंवार देऊ नका. आणि तिने ज्या शब्दांखाली रेघा मारल्या आहेत ते येथे लिहून पाठवा. मी एकेक करून समजावून सांगेन.